दोरीवरचा पाय

कुंदा, तुझा कावळा ऋतुजाच्या शब्दाला शिवला. माझ्या नाही.

हे तुला सांगायलाच हवं, कारण तू तिथे असतीस तर हसून हसून घाटाच्या पायरीवरच बसली असतीस. दहाव्याला आम्ही सगळे पंचवटीत, गोदेच्या काठावर, पिंड मांडून उन्हात उभे. कावळे समोरच्या भिंतीवर ओळीने बसलेले, पण एकही आमच्याकडे बघायला तयार नाही. आधी तुझे दादा पुढे झाले. म्हणाले, "कुंदा, तुझी जीप मी विकणार नाही." कावळे ढिम्म. मग मी पुढे झाले. घरातली मोठी मी, तुझी वहिनी. तू वर, मी खाली, अशी एका घरात आपली उभी हयात गेली. मी म्हटलं, "कुंदा, तुझ्या कुंड्यांना पाणी घालीन. तुझी खोली होती तशी ठेवीन. ये बाई." एका कावळ्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि पंख साफ करायला घेतले.

तेवढ्यात मागून तुझी ऋतुजा बोलली. अंबडच्या कारखान्यात नोकरी करणारी, पस्तिशीची, तुझ्या त्या भटक्या बायकांच्या ग्रुपमधली. घरातली नाही, नात्यातली नाही. ती एवढंच म्हणाली, "ताई, तुमचा तंबू पडून राहू देणार नाही. आम्ही घेऊन जाऊ." आणि उतरला की मेला खाली! पिंडाला चोच मारून भाताचं शितही सोबत घेऊन गेला.

सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. पण खरं सांगते, माझ्या पोटात दुखलं. मेल्यावरही तू बाहेरच्यांचंच ऐकलंस.

तेव्हापासून घरात जो येतो तो तुझ्या तंबूबद्दल बोलतो. जीपच्या टपावर बसवायचा तंबू ही गोष्टच आपल्या गल्लीत कुणी पाहिली नव्हती. बंद असताना तो नुसता जाडजूड गादीसारखा दिसतो. उघडला की टपावरच खोली उभी राहते, मग शिडीने वर चढायचं आणि झोपायचं. टपावर माणसं झोपतात हे ऐकून तुझे दादा म्हणाले होते, "वऱ्हाडाच्या ट्रकवर आम्ही फुकट झोपायचो." तू मात्र निवृत्तीनंतर तेच खूळ घेतलंस. वैतरणेच्या पाण्याकाठी, हरसूलच्या पुढे जंगलाच्या कडेला, सुरगाण्याच्या घाटात कुठे कुठे जाऊन झोपायचीस आणि सकाळी मला दवाचे फोटो पाठवायचीस. इकडे मी कुकरच्या शिट्या मोजत असायचे. गवतावरचं दव मी लहानपणी पायांनी तुडवलेलं आहे, मला त्याचं काय कौतुक? पण फोटो उघडून मी दोनदा बघायचे.

तंबू गव्हाच्या पोत्यासारखा जड, आणि पोतं निदान खांद्यावर घेता येतं, याला धरायला धड कोपराही नाही. गावात फिरताना गाडी डिझेल पिते म्हणून आल्या आल्या तू तो उतरवून ठेवायचीस आणि निघताना पुन्हा चढवायचीस. तो एकटीने कसा चढवायचा या एका विषयावर तू जितकं डोकं चालवलंस तितकं स्वतःच्या लग्नावर चालवलं असतंस तर, असं सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या. त्या नव्हत्या म्हणून मी म्हणाले. तू म्हणालीस, "वहिनी, तंबू तरी वर चढतो."

पहिली युक्ती शिडीची. ॲल्युमिनियमची शिडी जीपच्या मागे तिरकी टेकवलीस आणि तंबू तिच्यावरून वर ढकलायला लागलीस. सरकावा म्हणून शिडीवर काय अंथरलंस? माझी गोधडी! माझ्या आईच्या लुगड्यांची. तंबू अर्ध्यात गेला आणि गोधडीसकट खाली आला. तुझ्या जीपची मागची काच तडकली, त्याचं तुला वाईट वाटलं. गोधडी फाटली, त्याचं मला. आपण दोघींनी आपापलं सुतक वेगवेगळं पाळलं.

दुसरी युक्ती माझी होती, आणि हे मी आज ठणकावून सांगणार. मी दिंडोरीकडच्या शेतकऱ्याची लेक. गवताचा भारा एकटीच्या डोक्यावर कसा घ्यायचा हे मला कुणी शिकवावं लागत नाही. भारा डोक्यावर वाहून नेता येतो, पण उचलून डोक्यावर ठेवता येत नाही, त्याला दुसरं माणूस लागतं. "ए बाई, जरा हात लाव गं," असं रस्त्याने जाणारीला हाक मारायची आणि तिने हात लावायचा, ही आमच्याकडची रीतच. अनोळखी असली तरी थांबते. कुणीच नसलं तर भारा बांधाला उभा टेकवायचा, खाली बसून डोकं त्याच्यात घालायचं आणि बांधाच्या आधाराने उठायचं. तसंच तुला सांगितलं, की एकदम वर नेऊ नकोस. आधी एक टोक खाटेवर ठेव, मग दुसरं. मग एक टोक टेबलावर, मग दुसरं. बांध कर एकेक. तू केलंस आणि जमलं. पण शेवटची टेबलापासून टपापर्यंतची उडी राहिलीच, तिथे मी पुढून हात लावायचे आणि तू मागून. "हात लावा, वहिनी," तू म्हणायचीस, आणि मी पदर खोचून यायचे. आपण तो तंबू किती वेळा तसा चढवला! मग ग्रुपमधल्या बायकांनी त्याचा व्हिडिओ काढला, माझा फक्त कोपर दिसतो त्यात, आणि नाव पडलं "कुंदाताईंची पद्धत".

व्हिडिओत माझा कोपर आहे हे मी ज्याला त्याला दाखवत असे. लोकांना कोपराचं कौतुक नसतं.

मग माझा खांदा आखडला. हात वर जाईना. डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही, आणि तू लगेच कप्पीच्या मागे लागलीस. कप्पी हवी तर बाजारात काय कमी आहेत? पण नाही. आपण माझ्या माहेरी गेलो होतो तेव्हा तुला आमच्या जुन्या विहिरीवरची कप्पी दिसली. मोटार बसल्यापासून दोन कप्प्या तशाच गंजत पडलेल्या. मी त्या विहिरीचं पाणी शेंदून मोठी झाले, माझ्या तळहाताला त्या दोराचे घट्टे आहेत. आणि माझा भाऊ, ज्याने मला राखीला साधी साडी देताना दहा वेळा विचार करावा, तो तुला म्हणतो, "दोन्ही घिऊन जा ना ताई. लय वर्षं पडून हाय त्या. तुमच्यासारख्या मान्साच्या उपेगी आल्या तर विहिरीचं सोनं होईल." तू म्हणालीस, "एकच पुरे, भाऊ." एक उचललीस आणि निघालीस. गाडीत मी तुझ्याशी बोलले नाही. माझ्या माहेरची कप्पी, माझा भाऊ, माझी विहीर, आणि सोनं तुझ्यामुळे होणार.

घरी येऊन तू माझा झोपाळा काढलास.

पोर्चमधला. स्लॅबच्या दोन कड्यांना टांगलेला. "खांदा बरा होईपर्यंत तसंही बसता येणार नाही तुम्हाला," म्हणालीस. एका कडीला कप्पी लावलीस. खांबावर अंबडहून करून आणलेला हातरहाट बसवलास. त्याचा दांडा फिरवला की दोर गुंडाळला जातो, आणि खटका असल्यामुळे दांडा सोडला तरी दोर उलटा सुटत नाही. कारखान्याच्या टूलरूममध्ये एवढी वर्षं काढलेली बाई तू, एकेक गोष्ट चोख. तंबूला चारी बाजूंनी पट्टे, पट्टे एका कडीत, कडी दोराला. दांडा फिरव, तंबू हवेत. जीप मागे घे, तंबूच्या खाली लाव, दांडा उलटा, तंबू टपावर. पहिल्यांदा जमलं तेव्हा गल्लीतली पोरं टाळ्या वाजवत होती. मी सवयीने पुढे आले, पदर खोचला आणि कोपऱ्याला हात घातला.

आणि तू म्हणालीस, "वहिनी, हात लावू नका."

कुंदा, ते वाक्य आपल्यामध्ये तेव्हापासून पडून आहे. "हात लावा" म्हणजे उचलू लागा. मग "हात लावू नका" म्हणजे काय? उचलायला नको, असंही होतं. आणि लोणच्याच्या बरणीला हात लावू नका, देवाच्या ताटाला हात लावू नका, असंही होतं. एकाच वाक्यात माया मावते आणि हिडीसफिडीसही मावते, आपली भाषाच तशी. तू कुठलं म्हणालीस हे मी विचारलं नाही. मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं. माझा खांदा तोवर बराच सुटला होता, मी सांगितलंही होतं.

वर पुढचं ऐक. "तुम्ही फक्त तिथे पायरीवर बसा, आणि या दोरीवर पाय ठेवा." तंबूच्या कोपऱ्याला बांधलेली एक बारीक दोरी, खाली सोडलेली. एकाच कडीला लोंबकळणारा तंबू गरागरा फिरायचा, तो फिरू नये म्हणून ही दोरी. तिच्यावर पाय. हात लावायचा नाही, पाय ठेवायचा! ज्या घरात पुस्तकाला, धान्याला, केरसुणीला पाय लागला तर आपण वाकून नमस्कार करतो, त्या घरात मला काम काय दिलंस, तर पाय ठेवण्याचं. बाईमाणसाने उंबऱ्यात बसून मटार सोलावेत आणि पायाखाली दोरी धरावी. मी दरवेळी पाय काढला की वाकून दोरीला शिवायचे आणि हात कपाळाला लावायचे. तू हसायचीस. "वहिनी, दोरीला कसला नमस्कार? साडीच्या दुकानातली सुतळी आहे ती." मी म्हणायचे, सुतळी असली तरी काम करते, तिचा मान ठेवावा. माझा कुणी ठेवत नाही म्हणून काय मी दुसऱ्याचा ठेवू नये?

आणि ग्रुपमधल्या बायका आल्या की तू त्यांना दांडा फिरवून दाखवायचीस. "बघा, एकटीने चढवते मी." एकटीने! मी तिथे पायरीवर, मांडीत मटार, पायाखाली दोरी. बायका माझ्याकडे बघून हसून म्हणायच्या, "काकू, मस्त बसलायत." एकदा न राहवून मी म्हणाले, "एकटी एकटी काय लावलंय? मग मी कोण, खुंटी?" तू दांडा फिरवता फिरवता म्हणालीस, "खुंटी असती तर किती बरं झालं असतं वहिनी, बोलली नसती."

सगळ्या हसल्या. मीही हसले. शेंगांची टोपली उचलून आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. हे तुला माहीत नाही. किंवा असेल, कारण त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला तू खाली आलीस आणि न मागता दोनदा भाजी घेतलीस. तुला मटार आवडत नाही.

माझा एकच प्रश्न होता, कुंदा, आणि तो विचारायचा राहिला. तू "एकटी" म्हणायचीस ते मला धरून म्हणायचीस की मला वगळून?

हेव्याचं म्हणशील तर तो काही तंबूपासूनचा नाही. मी या घरात आले तेव्हा तू दहावीत होतीस, सायकलवर टांग टाकून शाळेत जायचीस. मी मागच्या दारी भांडी घासताना तुझ्या सायकलची घंटा ऐकायचे. पुढे सगळे तुझ्याकडे बघून चुकचुकायचे, बिचारी, एकटी राहिली. मी पण चुकचुकायचे, तोंडदेखलं. आतून मला वाटायचं, हिला रोज संध्याकाळी कुणी विचारत नाही की आज काय केलंय. तुझे केस साठीला टेकलीस तरी काळे. तुझ्या खोलीची किल्ली तुझ्याच कमरेला. तू मला विचारलंस, "येता का वहिनी या खेपेला? दोघींचा तंबू आहे." मी दोन्ही वेळा म्हणाले, "घर कोण बघेल?" घराला काय बघायचं असतं? भिंती कुठे पळून जातात? पण बोलावल्याबरोबर जाणं म्हणजे मला यायचं होतं हे कबूल करणं. तिसऱ्यांदा विचारशील तेव्हा हो म्हणायचं ठरवून ठेवलं होतं मी. तू दोनदा विचारलंस.

आणि तरीही. खांदा आखडला होता तेव्हा मला केस बांधता येत नव्हते. हात डोक्याच्या मागे जातच नव्हता. लेक पुण्याला, तुझ्या दादांना वेणीतलं काय कळतं? तू रोज सकाळी खाली यायचीस, मला त्या पायरीवर बसवायचीस आणि अंबाडा घालून द्यायचीस. टूलरूमचे हात, इतका घट्ट आवळायचीस की माझ्या भुवया वर जायच्या. "सैल कर गं, डोळे मिटत नाहीत माझे." "मिटायचे कशाला? दिवसभर माझ्यावर नजर ठेवायची असते ना तुम्हाला." खांदा बरा झाला तरी मी काही दिवस दुखतोय म्हणून सांगितलं. तुझ्या हातचा अंबाडा संध्याकाळपर्यंत हलायचा नाही. आता रोज दुपारीच सुटतो.

आता कालचं सांगते. ऋतुजा रविवारी सकाळी जीप आणि तंबू न्यायला येणार होती. तुझ्या दादांनी जीप विकणार नाही म्हटलंय, पण चालवायला तिला दिली आहे. मला कबूल होतं. कावळ्याला दिलेला शब्द आहे. पण मनात म्हटलं, जायचं तर जाऊ दे, एकदा तरी मी चढवीन. एकटीने. तुझा दांडा माझ्या हाताने फिरवीन. जीप खाली घ्यायला ऋतुजा येईलच, निदान तिने दार उघडलं की तंबू हवेत लटकलेला दिसला पाहिजे आणि तिने तोंडात बोट घातलं पाहिजे. व्हिडिओ काढला तर काढू दे. पूर्ण मी दिसेन.

तुझे दादा आत पेपर वाचत होते. मी पट्टे बांधले, कडी अडकवली, पदर खोचला. दांड्याला हात घातला तर तुझ्या हाताने गुळगुळीत झालेला. फिरवला. खटक्याचा आवाज, टक टक टक, आणि कुंदा, तंबू उचलला गेला! खांद्यात कळ नाही, काही नाही. इतकं सोपं होतं हे? एवढ्यासाठी तू टाळ्या घेत होतीस? मला असा आनंद झाला की मी मोठ्याने म्हणाले, "हात लावला बघ मी."

आणि तंबू फिरला.

आधी हळू, मग जोरात. एक कोपरा खांबावर आपटला, दुसरा तुझ्या कुंडीवर. मी दांडा सोडून धावले, हाताने तो थांबवला. परत दांड्याकडे आले की परत फिरायला लागला. दोरी धरून बसले तर दांड्यापर्यंत हात पोचेना. दांड्याशी गेले तर दोरी मोकळी. शेवटी दोरी कुठेतरी अडकवू म्हणून हुक शोधायला लागले. कुंदा, तुझ्या पोर्चमध्ये कशाला हुक नाही? छत्रीला आहे. पंपाला आहे. माझ्या बाजाराच्या पिशवीला माझ्या उंचीवर वेगळा आहे. शिडीला दोन आहेत. रहाटाच्या दोराचं उरलेलं टोक गुंडाळायलाही आहे. भिंत म्हणजे नुसती हुकांची बाग. फक्त पायरीपाशी, जिथे ती दोरी उतरते तिथे, कोरी भिंत. एक भोकही नाही. खिळ्याचीसुद्धा खूण नाही.

मी पायरीवर बसले. वर पाहिलं. माझ्या झोपाळ्याच्या दोन कड्या. एकीला माझ्या माहेरची कप्पी. दुसरी रिकामी.

तेवढ्यात ऋतुजा आली. लटकून फिरणारा तंबू आणि पायरीवर बसलेली मी, असं ध्यान बघून तिने चपला तिथेच टाकल्या आणि आधी तंबू धरला. "काकू, लागलं नाही ना?" मग तिनेही वर पाहिलं. "अहो, कड्या तर दोन आहेत. दोन्हीकडे कप्पी टाकली असती, एक पुढे एक मागे, तर हा फिरलाच नसता. दोरीची गरजच नाही." जरा थांबून म्हणाली, "ताईंच्या लक्षात कसं आलं नाही? आम्हाला तर उठताबसता शिकवायच्या."

माझा भाऊ दोन्ही घेऊन जा म्हणत होता ते मला आठवलं. आणि अजून एक आठवलं. कप्पी बसल्यानंतर मी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला जाऊन राहिले होते, तो सगळा हिवाळा. तुझ्या भटकंतीचे ऐन दिवस. परत आले तर तंबूखाली मांजर व्यालेलं. तू म्हणालीस, "पिल्लं होती, म्हणून नाही हलवला." मी म्हटलं, मोठी आली प्राणिमात्रांवर दया करणारी. पण मांजर काय हलत्या वस्तूखाली वितं? ते आधी बघून ठेवतं, इथे कुणी येत नाही, काही उचललं जात नाही. आणि त्या हिवाळ्यात मला दवाचा एकही फोटो आला नव्हता. मला वाटलं होतं, विसरलीस.

राग आला मला, कुंदा. सांगायचं नाही का? एवढी जीभ चालायची तुझी, त्यात हे एक वाक्य बसलं नसतं? आणि हेवाही वाटला, नवाच. चांगुलपणातसुद्धा तू माझ्या पुढे निघून गेलीस आणि मला कळूही दिलं नाहीस. मी इतकी वर्षं नाक मुरडत त्या पायरीवर बसले. तू मला बसवून घेत होतीस. आता याची फेड कुठे करू? बरोबरी करायला तू जागेवर तरी हवीस.

की हे सगळं मीच जुळवतेय? नसेलही तसं. असेल तुझा आळस, राहिला असेल हुक मारायचा. तू असतीस तर मान उडवून म्हणाली असतीस, "वहिनी, तुम्हाला काय, कशातही अर्थ दिसतो." पण हुक मारण्यात आळस करणारी बाई तू नव्हेस. तुझ्याविरुद्ध तुझीच भिंत साक्ष देते.

ऋतुजा म्हणाली, "काकू, ड्रिल आहे माझ्या गाडीत. आत्ता इथे एक हुक मारून टाकते. मग पुढे कुणालाही खरंच एकटीने जमेल."

"हुक नको."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"हुक नको म्हटलं ना."

ती गोंधळली. गुणाची आहे पोर, मला मान्य करावं लागतंय. म्हणाली, "बरं. मग असं करू, मी दोरीवर पाय ठेवते. तुम्ही दांडा फिरवा. तुम्हाला फिरवायचा होता ना?"

हो, फिरवायचा होता. तू होतीस तोवर हेच हवं होतं मला. तुझ्या जागी मी, आणि दुसरं कुणीतरी पायरीवर. तिने बोलता बोलता पाय उचललासुद्धा, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते माझंच मला नवीन होतं. "पाय ठेवू नकोस! ती जागा माझी आहे." शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. तुझे दादा पेपर घेऊन बाहेर आले. ऋतुजाने पाय मागे घेतला आणि निमूट दांड्यापाशी गेली.

मी आत जाऊन मटारची टोपली आणली. पायरीवर बसले, टोपली मांडीत घेतली, दोरीवर पाय ठेवला. टक टक टक. तुझ्यापेक्षा जरा धसमुसळी फिरवते, पण फिरवते. तंबू वर गेला. दोरी पायाखाली ताणली, माशासारखी थोडी वळवळली आणि गप्प झाली. तंबू जागच्या जागी राहिला, तसूभरही फिरला नाही. ऋतुजाने जीप मागे घेतली, खटका सोडला, तंबू अलगद टपावर उतरला. तिने चारी बोल्ट आवळले, हलवून पाहिलं. तुझे दादा डोळे पुसत आत गेले.

"काकू," ऋतुजा हळूच म्हणाली, "बसला तंबू. काढा आता पाय."

दोरी केव्हाच सैल पडली होती. पाय काढला की वाकून दोरीला नमस्कार करायचा आणि मग उठायचं, हा माझा नेम तुला माहीत आहे.

मी एक शेंग सोलली. म्हटलं, "थांब जरा."